क्रूझवरून सँटोरिनी: एका दिवसाचं उलटं गणित

ग्रीक बेटांच्या क्रूझमध्ये लोक सगळ्यात जास्त वाट सँटोरिनीची पाहतात, आणि सगळ्यात जास्त वेळ रांगेत घालवतात तोही सँटोरिनीलाच. कारण भूगोलात आहे. जहाज कड्याच्या पायथ्याशी थांबतं, गावं कड्याच्या माथ्यावर आहेत, आणि मधला सुमारे 220 मीटरचा चढ पार करायला रोप-वे, पायऱ्या आणि खेचरं एवढीच साधनं आहेत. या चढाचा विचार ज्यांनी आधी केला त्यांचा दिवस सत्कारणी लागतो. बाकीच्यांचेही फोटो छान येतात, फक्त त्यातले बरेचसे रांगेत उभं राहून काढलेले असतात.

हा लेख सकाळी जहाजातून उतरून संध्याकाळच्या आत परतणाऱ्यांसाठी आहे. बेटावर मुक्कामाला जाणाऱ्यांनी यातलं खाण्याचं आणि अक्रोतिरीचं, म्हणजे राखेखाली सापडलेल्या प्राचीन गावाचं, घ्यावं, बाकी सोडून द्यावं.

घरून निघण्याआधी

ग्रीससाठी भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो, हे सगळ्यांना माहीत असतं. घोडं अडतं ते पुढे. या भागातल्या बऱ्याच क्रूझ इफेसस या प्राचीन शहराचे अवशेष दाखवायला मध्येच तुर्कस्तानातल्या कुशादासीला थांबतात, काही तर इस्तंबूलहूनच सुटतात. म्हणजे शेंगेन क्षेत्रातून, हा व्हिसा चालतो त्या युरोपीय देशांच्या गटातून, बाहेर जायचं आणि पुन्हा आत यायचं. अशा मार्गासाठी मल्टिपल एंट्रीचा व्हिसा हवा. सिंगल एंट्री हातात घेऊन गेलात तर जहाजावर चढायलाच नकार मिळू शकतो. अर्जाला क्रूझचा सगळा मार्ग बंदरांच्या तारखांसह जोडा, आणि व्हिसा हातात आला की त्यावर काय छापलंय ते तिथल्या तिथे वाचा.

दुसरी गोष्ट, जुलै 2025 पासून ग्रीसने क्रूझ प्रवाशांवर कर लावला आहे. सँटोरिनी आणि मिकोनोस या दोन बेटांवर तो सगळ्यात जास्त आहे: जून ते सप्टेंबरमध्ये माणशी 20 युरो, एप्रिल, मे आणि ऑक्टोबरमध्ये 12, हिवाळ्यात 4. सहसा तो जहाजाच्या बिलातच जोडून येतो. बिलात ही रक्कम दिसली तर काउंटरवर वाद घालू नका.

तिसरी गोष्ट फार कमी लोक पाहतात, पण दिवस खरा तिच्यावर ठरतो. तुमच्या दिवशी बेटापाशी आणखी किती जहाजं आहेत? क्रूझची वेळापत्रकं देणारी संकेतस्थळं आहेत, त्यांवर बंदराचं नाव आणि तारीख टाकली की यादी मिळते. जेमतेम पंधरा हजार वस्तीच्या या बेटावर पूर्वी गर्दीच्या दिवसांत याहून जास्त माणसं नुसती जहाजांतून उतरत. 2025 पासून रोज 8,000 क्रूझ प्रवाशांची मर्यादा घातली आहे, म्हणून हाल थोडे कमी झालेत. तरी दोन जहाजांचा दिवस आणि चार जहाजांचा दिवस यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

गणित शेवटाकडून मांडा

समजा जहाज आठला पोचतं आणि शेवटची टेंडर बोट, म्हणजे किनाऱ्यावरून जहाजाकडे परत आणणारी छोटी बोट, साडेचारची आहे. वरवर पाहता हाताशी साडेआठ तास. आता मागून मोजू. साडेचारच्या बोटीवर भरवसा ठेवायचा नसतो, कारण तिच्यासाठी सगळेच येतात. चारची धरू. खाली उतरायच्या रोप-वेला दुपारी तास-दीड तासाची रांग सहज लागते, म्हणजे अडीचला रांगेत. त्यासाठी दोनच्या सुमारास फिरा या मुख्य गावात परत. सकाळी बोटीचा नंबर लागून वर पोचेपर्यंत साडेनऊ-पावणेदहा झालेले असतात. राहिले सव्वाचार तास.

या सव्वाचार तासांत इया हे गाव, अक्रोतिरी, काळी वाळू, लाल वाळू, वाइनरी आणि ज्वालामुखी असं सगळं बसवणारी पॅकेजं सर्रास विकली जातात. एक ना धड, भाराभर चिंध्या. बेटाचं एक टोक निवडा, तिथे नीट वेळ द्या आणि उरलेला वेळ फिरामध्ये घालवा. माझ्या मते हा एवढा एक निर्णय पाळला तरी दिवस चांगला जातो.

सूर्यास्ताबद्दल आधीच सांगतो. जून-जुलैत इथे सूर्य साडेआठच्या पुढे मावळतो. जहाज रात्री नऊ-दहाला निघणार असेल तरच त्याचा विचार करा, आणि तेव्हाही इयाचा हट्ट धरू नका. सूर्यास्तानंतर इयाहून फिराकडे येणाऱ्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. फिरा किंवा शेजारच्या फिरोस्तेफानीच्या कठड्यावरूनही सूर्य समुद्राच्याच बाजूला मावळतो.

जहाजातून किनाऱ्यावर

सकाळी लवकर उठून डेकवर या. चहूबाजूंनी उभे कडे आणि मध्ये समुद्र दिसतो, तो कॅल्डेरा. इ.स.पू. 1600 च्या आसपास इथला ज्वालामुखी प्रचंड ताकदीने फुटला, पोटातला लाव्हा बाहेर पडला, मधली जमीन खचली आणि त्या कढईत समुद्र शिरला. कढई लांबीला 12 किलोमीटरच्या आसपास आहे आणि ठिकठिकाणी 300 मीटरहून खोल. त्यामुळे मोठ्या जहाजांना इथे धक्का नाही आणि नांगर टाकणंही अवघड. सह्याद्री पाहिलेल्या माणसाने कड्यातले थर जरूर न्याहाळावेत. आपला दख्खनचा लाव्हा भेगांमधून पसरत गेला, म्हणून आपल्याकडे आडव्या पायऱ्या-पायऱ्यांचा काळा बेसॉल्ट. इथे लाल, काळे, करडे थर आहेत आणि सगळ्यात वर पांढुरक्या राखेचा जाड पट्टा, तो त्या महास्फोटाचा. ही राख चुन्यात मिसळली की पाण्याखालीही घट्ट होते, म्हणून सुवेझ कालव्याच्या बांधकामात ती वापरली गेली. 1869 ला तो कालवा खुला झाला आणि मुंबई बंदराचे दिवस पालटले, तेव्हा या राखेचं आणि आपलं नातं फार दूरचं नाही.

आता बोटीचं. बहुतेक जहाजांवर टेंडरसाठी क्रमांक वाटतात, कागदाचे किंवा जहाजाच्या अॅपवर. तो आदल्या रात्री किंवा पहाटेच घ्या, नाश्त्यानंतर नाही. जहाजाच्या सहली घेतलेल्यांना आधी सोडतात, त्यामुळे स्वतःहून फिरणाऱ्यांना थोडं थांबावंच लागतं. सोबत व्हीलचेअर असेल तर आदल्या दिवशीच विचारा. हलत्या बोटीत चढ-उतार करावी लागते आणि लाटा असतील तर जहाजवाले नाही म्हणू शकतात. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेचा मेल्तेमी वारा जोर धरतो, तेव्हा अख्खं बंदरच रद्द झाल्याची उदाहरणं आहेत. वाऱ्यापुढे कुणाचंच चालत नाही.

निघण्याआधी मोबाईल तपासा. समुद्रात फोन आपोआप जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो आणि बिल डोळे पांढरे करतं. जहाजावर एअरप्लेन मोड ठेवा, ग्रीक नेटवर्क जमिनीवर पाय ठेवल्यावरच घ्या. घड्याळही जहाजाच्या वेळेवर आहे ना ते पाहा. इटलीहून आलेल्या जहाजाने वेळ बदलली नसेल तर ग्रीसची वेळ एक तास पुढे असते, आणि फोन जमिनीवर जाताच आपणहून स्थानिक वेळ दाखवू लागतो. शेवटच्या बोटीची वेळ कोणत्या घड्याळाची, हे उतरण्याआधी विचारून घ्या.

कडा चढायचा कसा

स्वतःहून उतरणाऱ्यांना बोट फिराच्या खालच्या जुन्या बंदरावर सोडते. समोर तीन पर्याय.

रोप-वे तीन मिनिटांत वर नेतो. डबे लहान, एका खेपेत छत्तीस माणसं, तासाला सुमारे बाराशे. सकाळी पहिल्या काही बोटींत असाल तर रांग सुसह्य असते. परतीचं तिकीट सकाळीच काढलं तरी संध्याकाळची रांग टळत नाही, फक्त तिकीट खिडकीवरचा वेळ वाचतो.

पायऱ्या पाचशे ऐंशीच्या वर आहेत. रुंद, वळणावळणाच्या, झिजून गुळगुळीत झालेल्या. चढताना सावली नाही, आणि खेचरंही याच वाटेने ये-जा करतात, त्यामुळे पायांखाली काय आहे ते बघत चालावं लागतं. सिंहगड नियमित चढणाऱ्याला हा चढ काहीच नाही, पण ऑगस्टच्या उन्हात सकाळीच सगळी ताकद इथे खर्च करण्यात अर्थ नाही. पायऱ्यांचा खरा उपयोग उतरताना. रांग चौकाबाहेर गेलेली दिसली की वीस-पंचवीस मिनिटांत पायी खाली. तळवे घसरणार नाहीत असे बूट मात्र हवेत. सपाट चपलांनी इथे माणसं पडतात.

खेचरांवर बसू नका, असं मी स्पष्टच सांगेन. जनावरांच्या हालांवरून इतकी ओरड झाली की 2018 मध्ये ग्रीक सरकारला 100 किलोहून जास्त, किंवा जनावराच्या वजनाच्या पाचव्या भागाहून जास्त ओझं लादायला बंदी घालावी लागली.

चौथा पर्याय बंदरावरच विकायला असतो आणि इयाला जाणाऱ्यांसाठी तो सगळ्यात शहाणपणाचा. बोटीने थेट इयाच्या पायथ्याशी, तिथून बसने इया, आणि नंतर दुसऱ्या बसने इयाहून फिरा, असं एकच तिकीट. सकाळची रोप-वेची रांग वाचते, वर कड्याखालून समुद्रातून जाताना बेट दिसतं. परतीची बस किती वाजता आणि कुठून सुटते ते तिकिटावर लिहून घ्या.

जहाजाची सहल घेतली तर बोट बहुधा दक्षिणेकडच्या आथिनिओस बंदरावर नेते, तिथे बसेस उभ्या असतात. सोय चांगली, पण एक बारकावा विक्रीच्या वेळी कुणी ठळकपणे सांगत नाही. दौरा संपतो फिरामध्ये, आणि खाली उतरायला तुम्हीही त्याच रोप-वेच्या रांगेत. ‘सहल उशिरा आली तर जहाज थांबतं’ हे खरं असलं, तरी फिरात मोकळं सोडल्यानंतर तुमची जबाबदारी कुणाची, हे गाइडला आधीच विचारा.

कुठे जायचं

*इया.* निळे घुमट आणि पांढऱ्या भिंतींचं, कॅलेंडरवरचं गाव हेच. बसवर स्पेलिंग ओ-आय-ए असं दिसेल. फिराहून अकरा-बारा किलोमीटर, बसने अर्धा तास. संगमरवरी फरशांच्या मुख्य गल्लीने सरळ पश्चिमेकडे जुन्या किल्ल्याच्या अवशेषांपर्यंत जा, मग परत येताना दुकानं-बिकानं पाहा. उलट केलंत तर किल्ल्यावर भर गर्दीत पोचाल. कड्यात कोरलेली घरं गरीब खलाशांची होती आणि वरची टुमदार घरं जहाजमालक कप्तानांची. 9 जुलै 1956 च्या भूकंपात बेटावर पन्नासहून जास्त माणसं गेली आणि इया जवळजवळ ओसाड पडलं. आज जे पाहतो ते बरंचसं त्यानंतर डागडुजी करून उभं राहिलेलं. लोकांच्या गच्च्यांवर चढून फोटो काढू नका. तिथे माणसं राहतात, आणि तशा पाट्याही लावलेल्या आहेत. खालच्या अमूदी बंदराला दोनशेहून जास्त पायऱ्या आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर वरूनच पाहा.

*अक्रोतिरी.* मला विचाराल तर सव्वाचार तासांचा उत्तम उपयोग इथे. 1967 मध्ये स्पिरिडॉन मारिनातोस यांनी इथे खणायला सुरुवात केली आणि राखेखालून साडेतीन हजार वर्षांहून जुनं गाव वर आलं: दोन-तीन मजली घरं, फरसबंद गल्ल्या, गल्लीखालून वाहणारी सांडपाण्याची गटारं, ओळीने मांडलेले रांजण. माणसांचे सांगाडे मात्र नाहीत. स्फोटाआधी धक्के बसले आणि लोक वेळेवर निघून गेले असावेत. वर मोठं छप्पर आहे, त्यामुळे आत सावली, आणि चालायला नीट मार्ग. ज्येष्ठांना आणि उन्हाला कंटाळलेल्या मुलांना इयापेक्षा हे सुखाचं. तास-सव्वा तास पुरतो. फिराहून थेट बस आहे.

इथली भित्तिचित्रं मात्र इथे नाहीत. काही अथेन्सला, काही फिरातल्या प्रागैतिहासिक थिरा (थिरा हे बेटाचंच ग्रीक नाव) संग्रहालयात, आणि ते बसस्थानकापासून दोन पावलांवर. परतीच्या वाटेवर अर्धा तास तिथे द्याच. खडकावर चढणाऱ्या निळ्या माकडांचं चित्र पाहा. या माकडांकडे आफ्रिकेतली म्हणून बघायची रीत होती. काही वर्षांपूर्वी माकडांच्या अभ्यासकांनीच चित्र पाहिलं आणि शेपटी वर उचलून वळवण्याच्या लकबीवरून ही आशियातली वानरं असावीत असं मत मांडलं. म्हणजे आपलीच काळतोंडी वानरं. ते बरोबर असेल तर सिंधू खोऱ्याकडचा कुठलातरी धागा त्या काळी इथवर पोचलेला होता. दोन्ही ठिकाणं आठवड्यातून एक दिवस बंद असतात, तो वार आधी पाहून ठेवा. अक्रोतिरीजवळचा लाल किनारा देखणा आहे, पण वरून दरडी कोसळतात, म्हणून अलीकडच्या टेकाडावरूनच पाहून परत फिरलेलं बरं.

*फिरोस्तेफानी आणि इमेरोविग्ली.* कुठेच बसने जायचं नसेल तर हा उत्तम बेत. रोप-वेच्या वरच्या स्थानकातून बाहेर पडून कड्याच्या कडेकडेने उत्तरेला चालायचं. पंधरा मिनिटांत फिरोस्तेफानी, तिथे तीन घंटांचं निळ्या घुमटाचं चर्च, आणि इयाच्या मानाने गर्दी कितीतरी कमी. आणखी अर्ध्या तासावर इमेरोविग्ली. हीच वाट पुढे इयापर्यंत जाते, फिराहून एकूण सुमारे दहा किलोमीटर, ती जहाजाच्या दिवशी नको.

*ज्वालामुखी.* कढईच्या मधलं काळं बेट, निआ कामेनी, ते 1707 पासून समुद्रातून वर आलं आणि 1950 मध्ये शेवटचं उफाळलं. जुन्या बंदरावरूनच बोटी जातात, म्हणजे रोप-वेची भानगडच नाही. ढिसाळ खडीवरून विवरापर्यंत चढ आहे, झाड एकही नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये परिसरात भूकंपांची मालिका झाली आणि हजारो लोकांना बेट सोडावं लागलं. जमीन अशी अस्वस्थ असते तेव्हा इकडे जाऊ देत नाहीत, म्हणून पैसे भरण्याआधी चौकशी करा.

बस, टॅक्सी, पैसे

बेटावरच्या सगळ्या बसेस फिराच्या स्थानकाभोवती फिरतात. इयाहून अक्रोतिरीला जायचं तरी फिरात बस बदलावी लागते. तिकीट बसमध्ये कंडक्टर देतो, सुटे युरो हवेत. स्थानकावर उतरल्या उतरल्या परतीच्या वेळांच्या फलकाचा फोटो काढा आणि शेवटून दुसरी बस आपली समजा. टॅक्स्या मोजक्या आहेत, हात केला आणि थांबली असं होत नाही. चौघं-सहा जण असाल तर आधी ठरवलेली गाडी परवडते, पण ती वर फिरातच भेटते, चढ तुम्हालाच पार करायचा. चारचाकी स्कूटर भाड्याने मिळतात, अरुंद रस्त्यांवर त्यांचे अपघातही होतात. मी घेणार नाही.

पाणी बाटलीबंद प्या. टोपीला दोरी असू द्या. स्वच्छतागृहात कागद भांड्यात न टाकता शेजारच्या डब्यात टाकायचा असतो, पाइप अरुंद आहेत.

जेवण

शाकाहाऱ्यांची इथे उपासमार होत नाही. ‘फावा’ मागवा. पिवळ्या डाळीचं घट्ट घोटलेलं वरण, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल. ही डाळ पूर्व विदर्भातल्या लाखेच्या डाळीच्या कुळातली, जात वेगळी. टोमॅटोची भजीही इथली खासियत. अंडं किंवा चीज आहे का ते विचारून घ्या. जोडीला पांढरी वांगी. कॅल्डेराचा देखावा दाखवणाऱ्या टेबलाचे पैसे देखाव्याचे असतात. दोन गल्ल्या आत शिरलात तर तेच पदार्थ निम्म्या धावपळीत आणि कमी पैशांत मिळतात.

वाटेत बसमधून जमिनीलगत गोल टोपल्यांसारख्या विणलेल्या वेली दिसतील. त्याच द्राक्षवेली. नाशिकच्या मांडवांची सवय असलेल्याला पटणार नाही, पण वारा आणि ऊन यांपासून घड वाचवायला त्या अशा वळवतात, आणि ओलावा मुख्यतः दवाचा. यांतून असिर्तिको नावाची कोरडी पांढरी वाइन होते. एक पेला पुरे, पायऱ्या उतरायच्या आहेत.

परत जाताना, आणि जहाज चुकलं तर

दोन वाजता फिरात पोचलात की सगळ्यात आधी रोप-वेची रांग बघून या, मग दुकानं. रांग लहान असेल तर तासभर भटका, मोठी असेल तर लगेच लागा किंवा पायऱ्या धरा. घरातल्या दोघांचे गुडघे दुखतात म्हणून सगळ्यांनी रांगेत उभं राहायची गरज नाही. भेटीची जागा खालच्या बंदरावर ठरवून वेगवेगळे उतरा.

त्या दिवशीच्या जहाजाच्या पत्रकावर बंदर एजंटचा, म्हणजे जहाज कंपनीच्या तिथल्या प्रतिनिधीचा, फोन नंबर छापलेला असतो. त्याचा सकाळीच फोटो काढा. पासपोर्टची रंगीत प्रत, एक कार्ड आणि दोन दिवसांची औषधं अंगावरच्या पिशवीत ठेवा. जहाज सुटलंच तर आधी एजंटला गाठा. प्रवासी परतला नाही असं दिसलं की बरेचदा केबिनच्या तिजोरीतला पासपोर्ट काढून जहाज तो एजंटकडे सोपवून जातं. पुढचं बंदर गाठायला आथिनिओसहून फेरी किंवा बेटावरच्या विमानतळावरून अथेन्समार्गे विमान. खर्च तुमचाच. प्रवास विम्यात हा धोका येतो का, ते पॉलिसी घेतानाच विचारा, आणि पुढचं बंदर तुर्कस्तानातलं असेल तर तिथला व्हिसाही छापील स्वरूपात जवळ असू द्या.